मामांचा सुईचा नियम

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या तोंडाळ भाचीचा वाकून नमस्कार. मामीला वेगळा नमस्कार लिहीत नाही, कारण तिचा चष्मा फुटल्यापासून घरात येणारा प्रत्येक कागद, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसकट, तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवता हे मला ठाऊक आहे. तेव्हा तो तिने तुमच्याच आवाजात ऐकला असं समजते. गुडघा कसा आहे? जिना उतरताना दुखतो, की फक्त बाजारात जायचं म्हटलं की दुखतो? (हा प्रश्न माझा नाही, मामीचा आहे.) आणि ते घड्याळ? निरोप समारंभात कारखान्याने दिलेलं ते भिंतीवरचं घड्याळ अजून मागे पडतं का? आयुष्यभर एक सुई इकडची तिकडे होऊ न देणाऱ्या स्टोअरकीपरच्या गळ्यात मागे पडणारं घड्याळ मारावं, हा अपमानच आहे, आणि त्या रागाने तुम्ही निवृत्त झाल्यापासून कारखान्याच्या फाटकाकडे फिरकला नाहीत, हेही मी समजू शकते. त्या रागाबद्दल पुढे बोलायचंच आहे. आधी तुम्ही नीट बसा. खुर्चीत बसा, पलंगावर नको. पाण्याचा तांब्या जवळ घ्या.

कारण मामा, या पत्राचा विषय सॅनिटरी पॅड हा आहे.

मामी, थांबले का गं ते? त्यांना म्हणावं, पुढे वाचा. आणि "ते हे" किंवा "बायकांचं सामान" असं बदलून वाचायचं नाही, लिहिलंय तसं वाचायचं. पॅड. दोन अक्षरी शब्द आहे, जीभ भाजत नाही. मामा, मी तुम्हाला चिडवत नाही आहे, पण ताईच्या शाळेच्या दिवसांत मामी तापाने आडवी झाली होती आणि औषधाच्या दुकानात जायची पाळी तुमच्यावर आली होती, ती हकीकत आपल्या घरात अजून सांगितली जाते. तुम्ही दुकानात गेलात, मागून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "आधी तुमचं होऊ द्या" म्हणत राहिलात, दुकान रिकामं झालं तेव्हा दुकानदाराने विचारलं काय हवंय, आणि तुम्ही म्हणालात, थर्मामीटर. घरी येऊन परत गेलात. परत थर्मामीटर. तिसऱ्या खेपेला ताई स्वतःच गेली. तुमच्याकडे आजही इतके थर्मामीटर आहेत की अख्ख्या गल्लीला एकाच दिवशी ताप भरला तरी कोणाला वाट बघावी लागणार नाही. स्टोअरच्या खिडकीवर उभ्या कारखान्याला गप्प करणारे माझे मामा एका शब्दापुढे असे शरण जातात, हे कोडं मला लहानपणापासून सुटलेलं नाही. असो.

आता कारखान्याची खबर. कारखाना तोच, लहान मुलांचे कपडे शिवणारा. मशिनींच्या ओळी त्याच, पंख्यांची घरघर तीच, भिंतीवर "बोलू नका" ही पाटीही तीच. (तिच्याखाली माझं मशीन आहे, हा साहेबांचा विनोद असावा.) पोरी मला आता नावाने हाक मारत नाहीत. "सभा" म्हणतात. मी जेवणाच्या खोलीत शिरले की कोणीतरी म्हणतं, "सभा आली गं, खुर्च्या मांडा." मी मनावर घेत नाही. तुम्हीच मला लहानपणी टेबलावर उभं करून भाषणं पाठ करायला लावलीत, वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणून दिलीत, त्याची फळं आता कारखाना भोगतो आहे.

तर आमच्या ओळीत एक काजवाली आहे. काजाच्या मशीनवर बसते, म्हणून काजवाली. हाताला अशी सफाई की तिचं काज उलटं धरलं तरी सुलटं वाटतं. ती अजून कायम झालेली नाही. कायम करायचं ठरवताना साहेब हजेरी बघतात, आणि काजवाली दर महिन्याला काही दिवस घरी राहते. तिच्या घरी पॅडचं पाकीट कधी असतं, कधी नसतं. आमचं फाटक सकाळी बंद झालं की संध्याकाळीच उघडतं, जवळचं दुकान फाटकाच्या पलीकडे, आणि मशीन सोडून न्हाणीघरापर्यंत जायचं तरी सुपरवायझरबाईंकडून लाकडी पास घ्यावा लागतो, तोही ओळीत एकच. मग ती बिचारी काय करणार? घरी राहते. साहेब म्हणतात, बाई अनियमित आहे. मामा, त्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नाही की तिची गैरहजेरी ही आमच्या कारखान्यातली सगळ्यात नियमित गोष्ट आहे! आमची मालाची गाडी चुकते, आमचा पगार चुकतो, ती चुकत नाही.

मागच्या महिन्यात तिचे दिवस लवकर आले, नेमके माल रवाना करायच्या सकाळी. तिने शेजारणीला हळूच विचारलं, पॅड आहे का? शेजारणीने पुढच्या मशीनला विचारलं, तिने पुढच्या. अशी ती कुजबूज ओळीच्या टोकाला जाऊन परत आली. पॅड कोणाकडेच नव्हतं, पण बायकाच त्या, रिकाम्या हाताने निरोप परत कसा पाठवणार? त्यामुळे काजवालीच्या मशीनवर एक सेफ्टी पिन, डोकेदुखीची गोळी, एक लिंबाची गोळी आणि कोणाचा तरी रुमाल येऊन पडला. शेवटी तिने कटिंग टेबलाखालच्या चिंध्या उचलल्या. तेव्हा पिवळ्या कापडाची झबली चालली होती, त्यावर बदकं. बाळांच्या अंगासाठी धुऊन, तपासून, शिक्का मारून आणलेलं ते कापड, आणि ते शिवणारीच्या वाट्याला त्याची जमिनीवरची चिंधी. दुपारी तिला बसवेना. रखवालदाराला विनवून फाटक उघडवलं आणि ती घरी गेली. साहेबांनी गैरहजेरी लावली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कटिंग टेबलावर चढले. (चपला काढून चढले. तरी कटिंग मास्तर ओरडलाच, कारण माझा डावा पाय त्याच्या फ्रॉकच्या कागदी नमुन्यावर होता. मी भाषणभर डावा पाय हवेत धरला. जोर कमी पडला असेल तर तो त्या पायामुळे.) मी म्हणाले, बायांनो, या छतावरच्या दिव्यासाठी तुमच्यापैकी कोणी कधी अर्ज केला? कोपऱ्यातल्या नळाचं पाणी पिताना तुम्हाला किती तहान लागलीय हे कोणाला सांगावं लागलं? आग विझवायच्या बादल्या भिंतीवर टांगल्यात त्या कोणाच्या दयेने? न्हाणीघराला कडी आहे, तिच्यासाठी कोणी साहेबांच्या पाया पडलं? नाही! माणूस कामाला ठेवायचा तर त्याला तहान लागणार, अंधारात दिसणार नाही, आग लागली तर तो जळेल, हे सगळं धरूनच कारखाना बांधतात. मग कामाला बायका ठेवल्या, ओळीच्या ओळी ठेवल्या, तर त्यांना पाळी येईल एवढंच तेवढं कोणाला सुचलं नाही? टाळ्या पडल्या, मामा. म्हणजे जेवणाचे डबे टेबलावर आपटले, पण तो आवाज टाळ्यांपेक्षा मोठा येतो.

साहेब आवाजाने बाहेर आले. साहेब माणूस वाईट नाही, पण हक्क हा शब्द त्यांना चालत नाही. म्हणाले, पॅड ठेवू, न ठेवायला काय झालं, पण हक्क वगैरे म्हणू नका, सुविधा म्हणा. मी म्हणाले, सुविधा तुम्ही खूश असताना देता आणि रागावलात की काढून घेता. ते म्हणाले, आज पॅड हक्क झालं, उद्या आरसा हक्क होईल, परवा कंगवा. मी म्हणाले, साहेब, कंगवा नाही म्हणून आजवर कोणाची गैरहजेरी लागली ते दाखवा, मी स्वतः कंगव्याच्या विरुद्ध भाषण करते. (या वाक्यावर डबे पुन्हा वाजले. एका डब्याचं झाकण कायमचं चेपलं, त्याची मालकीण अजून माझ्याकडे बघत नाही.) बाहेर गाडी भरायची खोळंबली होती, म्हणून असो किंवा मनापासून असो, साहेब म्हणाले, ठीक आहे, आणतो, फुकट देतो, आता मशिनी चालू करा. आम्ही जिंकलो! त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले.

आणि इथून पुढे तुम्ही येता, मामा.

पॅडची खोकी आली. पण आपल्या कारखान्यात फाटकातून आत येणारी प्रत्येक वस्तू, मग ती कापडाचा तागा असो की साहेबांच्या टेबलावरची फुलदाणी, आधी स्टोअरमध्ये जमा होते आणि स्टोअरच्या खिडकीतूनच बाहेर पडते. ही शिस्त तुमची. आणि त्या खिडकीतून नवी वस्तू घ्यायची तर आधी जुनी दाखवायची, हाही नियम तुमचाच. मी त्या नियमाची टिंगल करणार नाही. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे आणून दाखवा, टोकापासून बुडापर्यंत जुळवा, मगच नवी मिळेल, हा नियम तुम्ही केलात तो एखाद्या बाळाच्या अंगात सुईचं टोक जाऊ नये म्हणून. एका हरवलेल्या टोकासाठी तुम्ही अख्खा माल अडवून धरलात, साहेबांचे साहेब फोनवर किंचाळत होते, तुम्ही हलला नाहीत, आणि शेवटी ते टोक सुपरवायझरच्या बुटाच्या तळव्यात सापडलं, ही गोष्ट मी नव्या पोरींना स्वतः सांगते. सांगताना माझी मान ताठ होते. पण मामा, तुम्ही निघताना तो नियम ज्याच्या हाती दिलात, तो आमचा कुलूपकाका! (तुम्ही त्याला "पोरा" म्हणायचात. तो आता आजोबा झाला आहे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा एवढा की तो येतोय हे तो दिसायच्या आधी कळतं.) तुम्ही त्याला सुईचा नियम शिकवलात. सुई सोडून बाकी जगात काय करायचं, ते शिकवायचं राहिलं.

मी पहिल्या दिवशी सगळ्यांच्या वतीने खिडकीशी गेले. म्हटलं, काका, पॅडचं एक खोकं द्या, न्हाणीघरातल्या फळीवर ठेवते. कुलूपकाकांनी छताकडे बघत विचारलं, "जुनं?"

मी म्हटलं, "काय जुनं?"

"जुनं जमा, मग नवं. नियम आहे."

मी त्यांच्याकडे बघतेय, ते छताकडे बघतायत. मग हळूहळू आपण काय बोललो ते त्यांच्या डोक्यात शिरलं. आधी कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. माझ्यामागे सुई घ्यायला उभी असलेली बटणवाली खांबाला धरून हसत सुटली. काकांनी खिडकी धाडकन लावली, इतकी जोरात की आत बोट सापडलं. आतून विव्हळण्याचा आवाज आला, आणि मागोमाग, तसाच विव्हळत, "नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी काका तोडगा घेऊन आले. (रात्रभर झोपले नसावेत, डोळे सुजले होते. बोटही.) म्हणाले, जुनं नको, जुन्याचं रिकामं वेष्टन दाखवलं तरी चालेल. मी म्हटलं, काका, ही खोकी फुटलीच नाहीत, तर वेष्टन कुठून आणू? ते म्हणाले, पहिलं घेतलं की त्याचं वेष्टन मिळेल. मी म्हटलं, मग पहिलं द्या. ते म्हणाले, वेष्टन द्या. असं आम्ही बराच वेळ गोल फिरलो. शेवटी त्यांनाही घाम फुटला. म्हणाले, सुईचं बरं असतं, मशीन नवं येतं तेव्हा त्यात पहिली सुई कंपनीच बसवून पाठवते. मी म्हटलं, काका, आम्हाला पाठवणाऱ्या कंपनीने तशी सोय केलेली नाही, तुम्ही तिच्याकडे तक्रार करा. ते गंभीरपणे म्हणाले, बघतो. मामा, ते खरंच बघतो म्हणाले!

मग बायकांनी ठरवलं, नियम तर नियम, पाळू. परवा सकाळी आमची अख्खी ओळ खिडकीशी रांगेत उभी राहिली, प्रत्येकीच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकेक पुडी. दुकानदार पॅड देताना जसं गुंडाळून देतात तसं, चारी बाजूंनी, जणू आत चोरीचा माल. बटणवाली सगळ्यात पुढे. तिने पुडी खिडकीत ठेवली आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, जुनं आणलंय. उघडून जुळवून घ्या." कुलूपकाका मागे सरकले ते थेट दोऱ्यांच्या खोक्यांवर जाऊन बसले. पुड्यांमध्ये काय होतं विचाराल तर बदकांच्या चिंध्या आणि दोऱ्यांचा गुंता. पण ते उघडून बघेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नव्हता, आणि उघडायचं धाडस त्यांच्याने होईना. दिवसभर त्यांनी डोळे मिटून, खिडकीच्या फटीतून सुया दिल्या. एकीला सुईऐवजी बटण गेलं, एकीला झिप. ओळीवर त्या दिवशी माल निम्मा निघाला आणि हसू दुप्पट.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी पुन्हा खिडकीशी गेले, भांडायला. पण काका आत मान खाली घालून बसले होते, पुड्यांचा ढीग तसाच समोर. मला म्हणाले, "पोरी, मी वाईट माणूस नाही गं. घरी मला तीन सुना आहेत. पण तुझ्या मामांनी सुयांच्या डब्यावर माझा हात ठेवून वचन घेतलंय, जुनं बघितल्याशिवाय या खिडकीतून नवं जाऊ द्यायचं नाही. एकदा सैल सोडलं की सुया सुटतील. ते स्वतः येऊन या खिडकीशी उभे राहून सांगतील ना, की याला नियम नाही, तर मी खोकी माझ्या डोक्यावर घेऊन तुमच्या फळीवर पोचवीन. दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही. साहेबांचंही नाही."

साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, स्टोअरमध्ये मी हात घालत नाही, मामांच्या वेळी एकदा घातला होता. (तुम्ही काय केलं होतंत हो त्यांना? ते अजून दंड चोळतात.) आणि पुढे हसत म्हणाले, बाई, आठवडा होत आला, खोकी जशीच्या तशी आहेत, एकही पॅड उचललं गेलं नाही, म्हणजे मागणीच नाही. महिनाअखेर परत पाठवतो. ऐका मामा! कुलुपात ठेवायचं, आणि कोणी घेत नाही म्हणून परत पाठवायचं! आणि काजवालीला कायम करायचं की नाही, तेही महिनाअखेरच ठरणार. तिचे दिवस त्याच्या आधी येणार, ती घरी राहणार, गैरहजेरी लागणार, आणि कारखान्यातली सगळ्यात चांगली काजं करणारी बाई फाटकाबाहेर जाणार. तिने मला काल डबा खाताना विचारलं, सभा, होईल का गं काही? भाषणाला डबे वाजवणाऱ्या बायकांना मी काहीही सांगू शकते. तिला भाषण देऊन भागणार नव्हतं. मी म्हटलं, माझे मामा आहेत.

आता तुम्ही म्हणाल (मामी, ते आत्ता हेच म्हणत असतील), आमच्या वेळी हे काही नव्हतं, तरी बायकांनी कामं केलीच ना? केली. तुमच्या आधी सुईचा नियमही नव्हता, तरी कपडे शिवले जात होतेच. कोणत्या बाळाला काय टोचलं ते कोणी विचारत नव्हतं, एवढंच. तुम्ही विचारलंत. म्हणून तर नियम झाला. आणि तुम्ही म्हणाल, हक्क हा फार मोठा शब्द आहे, तो असल्या गोष्टींना वापरू नये. मामा, निरोप समारंभात त्या दळभद्री घड्याळाच्या आधी तुम्ही भाषण केलं होतंत, मी पहिल्या रांगेत होते. तुम्ही म्हणालात, "मी सुईला हिशोब लावला, पण सुई मागणाऱ्याला कधी उपकार म्हणून दिली नाही. काम करायला जे लागतं ते कामगाराने मागायचं नसतं, ते आपण त्याच्या हाताशी ठेवायचं असतं." मी तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. आज तेच वाक्य तुमच्याकडे परत आणलंय, टोकापासून बुडापर्यंत, एकही तुकडा हरवलेला नाही. जुळवून बघा.

बाकी सगळं क्षेम आहे. ताईला आशीर्वाद, तिच्या लेकीला पापा. गुडघ्याला शेक घ्या, आणि ताप मोजायची हौस असेल तर साधनांची कमतरता नाहीच.

तुमची, तुम्हीच बिघडवलेली,
भाची

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. येत्या सोमवारी सकाळी कारखान्यात या. फाटकावरच्या रखवालदाराला सांगून ठेवलंय, तो तुम्हाला खुर्ची देणार आहे. घड्याळाचा राग दिवसभर बाजूला ठेवा, संध्याकाळी घरी जाऊन परत धरा.

ता. क. दुसरा. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की हक्क मागायचा नसतो असं पानंच्या पानं सांगून शेवटी मी मामांकडे मागायलाच आले. बटणवालीने हेच दाखवून दिलं आणि वर म्हणाली, सभा, आता बोल. तर बोलते. तुमची परवानगी मागत नाही आहे. पॅड आमचं आहेच, कुलूप तुमचं आहे. ज्याचं कुलूप त्याने काढावं. पण रागावू नका, आणि या.

ता. क. तिसरा. फोन का केला नाही, असं विचाराल. केला असता, तर तुम्ही "बघू, बघू" म्हणून मामीकडे दिला असतात. पत्र मोठ्याने वाचावं लागतं. आता बघा, आपल्या घरच्या बैठकीत, खिडक्या उघड्या असताना, तुम्ही तो शब्द किती वेळा उच्चारलात. छत कोसळलं नाही. शेजारच्यांनी दार वाजवलं नाही. सोमवारी खिडकीशी उभं राहून तुम्हाला एकच वाक्य म्हणायचं आहे, कुलूपकाकांना ऐकू जाईल असं, आणि आमची ओळ मागे उभी असेल तिलाही: "पॅडला सुईचा नियम नाही." आत्ता म्हणालातच की. तसंच म्हणायचं.

ता. क. शेवटचा, मामीसाठी. काम झालं असावं असं वाटतं. आता चष्मा बाहेर काढायला हरकत नाही. तो फुटलेला नसून शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली आहे, असं तूच म्हणाली होतीस. आणि सोमवारी तूही ये. ते खिडकीशी जाऊन थर्मामीटर मागायला लागले, तर मागे कोणीतरी हवं.